भयकथा वाचणारी आई

ताई, नमस्कार.

मी ३९ वर्षांची आहे, साताऱ्यात राहते, एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. सातवीत असल्यापासून मला भयकथांचं वेड. नारायण धारप, रत्नाकर मतकरी, अलीकडे हृषीकेश गुप्ते, मिळेल ते वाचते. दीडशेच्या वर पुस्तकं जमली आहेत, त्यातली निम्मी लग्नात माहेराहून आणलेली. भुताचा सिनेमा लागला की पहिल्याच आठवड्यात जाते, बहुतेक वेळा एकटी. दोन वर्षांपूर्वी खोपोलीला इमॅजिकात गेलो होतो, तेव्हा तिथल्या भुताच्या महालात मी लागोपाठ दोनदा जाऊन आले. घरचे बाहेर आइस्क्रीम खात बसले होते.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मेच्या सुट्टीत तिने माझ्या कपाटातून एक पुस्तक काढलं आणि पांघरुणात टॉर्च लावून वाचलं. त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून ती एकटी झोपत नाही, दिवेलागणीनंतर बाथरूमला एकटी जात नाही. पहिल्या रात्री रडत आली तेव्हा मी म्हटलं, "एवढ्याशा गोष्टीला काय घाबरतेस? मी असली किती पुस्तकं वाचली, मला काही झालं का?" सासूबाई म्हणतात, घरात असलं काही ठेवलं की तसलंच घरात येतं. त्यांना तिला पाटणकडच्या एका 'बघणाऱ्या' बाईकडे न्यायचंय. मिस्टर रोज रात्री नऊला जेवताना टीव्हीवर गुन्ह्यांची मालिका लावतात आणि मला म्हणतात, "पोरीची आई झालीस, आता तरी हे खूळ सोड." येत्या रविवारी पुस्तकं रद्दीत घालायचं घरात ठरलंय. मी गप्प आहे, कारण मलाच आता वाटायला लागलंय की आपल्यात काहीतरी विकृत आहे. काय करू?

– एक भयकथावेडी, सातारा

प्रिय भयकथावेडी,

रविवार जवळ आलाय म्हणून निकडीचं आधी सांगते. रद्दीवाल्याला येऊ नको म्हणून निरोप द्या. आणि मुलीला त्या बाईकडे नेऊ देऊ नका, कुणी कितीही मायेने म्हणत असलं तरी. या दोन गोष्टींवर तुम्ही गप्प राहू नका. बाकीचं सगळं सावकाश होईल.

आता मुलीपासून सुरुवात करते, कारण या घरात झोप तिची गेली आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा, मिस्टरांच्या बोलण्यापेक्षा मला तुमचंच एक वाक्य जास्त लागलं: "मी असली किती पुस्तकं वाचली, मला काही झालं का?" ते वाक्य तुम्ही रागाने बोलला नसणार. स्वतःच्या पुस्तकांच्या बचावासाठी बोललात. ते बोलताना तुमच्या डोळ्यांपुढे सासूबाई होत्या. पण समोर उभी होती रडणारी नऊ वर्षांची मुलगी, आणि तिला त्यातून एवढंच कळलं की आईला भीती वाटत नाही, मला वाटते, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे. घाबरणं एक झालंच होतं, त्यात लाजेची भर पडली. घाबरलेलं मूल आईकडे येतं. घाबरून लाजलेलं मूल पांघरुणात शिरतं.

माझं आजोळ राजापूर तालुक्यात. मे महिन्यात आम्ही दहा-बारा मावस-मामेभावंडं तिथे जमायचो. रात्री जेवणं झाली की ओटीवर गोष्टी सुरू व्हायच्या. मामा चकव्याची गोष्ट सांगायचा, कुणाला तरी रात्रभर एकाच शेताभोवती फिरवणाऱ्या. शेजारचे एक काका देवचाराची सांगायचे. गोष्टी ऐकताना मजा यायची. मजा संपायची ती झोपायच्या आधी, कारण संडास परसात होता, घरापासून चाळीसेक पावलांवर, आणि वाटेत फणस. माझे आजोबा कमी बोलणारे. त्यांनी मला 'भूत नसतं' असं कधी सांगितलं नाही. 'घाबरतेस काय' असंही कधी म्हणाले नाहीत. कंदील घेऊन ते माझ्याबरोबर यायचे, फणसाखाली पाठ करून उभे राहायचे आणि दर थोड्या वेळाने खाकरायचे. त्यांना खोकला नव्हता. मला आतून कळावं की ते अजून तिथेच आहेत, म्हणून ते खाकरायचे. दुसऱ्या रात्री मी पुन्हा ओटीवर पहिल्या रांगेत असायचे.

आज मी साठीची आहे आणि भयकथा अजूनही वाचते. मला ती गोडी मामाने लावली असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. खरं तर ती टिकली ती आजोबांमुळे.

तेव्हा तुमच्या मुलीसाठी पहिलं काम हे. आज रात्री तिच्याजवळ बसा आणि सांगा, "त्या दिवशी मी तुला बोलले ते चुकलं. मलाही भीती वाटते. भीती वाटते म्हणूनच मी ती पुस्तकं वाचते." हे खरंच आहे ना? ज्याला भीतीच वाटत नाही तो दीडशे भयकथा कशाला जमवेल? तिला हे कळू द्या की आईलाही एखादं पान वाचून पाय पांघरुणात ओढून घ्यावेसे वाटतात.

मग दुसऱ्या दिवशी, उन्हाच्या वेळी, तिला विचारा की नक्की कशाची भीती वाटते. 'भुताची' या उत्तरावर थांबू नका. कसं दिसतं? कुठे असतं? काय करेल? चित्र काढायला सांगितलंत तर आणखी बरं. भीतीला हातपाय काढावे लागले की ती कागदाएवढी होते. आणि एक गोष्ट जरूर बघा: तिने ते पुस्तक पुरं केलं का? माझा अंदाज आहे की नाही. घाबरलेली मुलं बहुधा मधेच पुस्तक मिटतात, आणि गोष्ट त्यांच्या मनात त्याच पानावर अडकून राहते, ऐन दार उघडायच्या वेळी. ती तयार असेल तर त्या पानापासून पुढे तुम्ही तिला वाचून दाखवा, भर दुपारी, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून. काही पानं गाळायची असतील तर तुम्ही आधी वाचून गाळा. तयार नसेल तर शेवट फक्त तोंडी सांगा. तेही नको म्हणाली तर ऐका तिचं.

रात्रीचं म्हणाल, तर कॉटखाली टॉर्च मारून 'बघ, काही नाही' असं दाखवत बसू नका. आई शोधायला वाकली म्हणजे काहीतरी असू शकतं, हे मुलांना बरोबर कळतं. त्यापेक्षा मंद दिवा ठेवा, दार उघडं ठेवा. काही दिवस तिच्या खोलीत खाली गादी टाकून झोप लागेपर्यंत पडा, मग गादी दाराकडे सरकवा, मग बाहेरच्या खोलीत बसून काम करा, भांड्यांचा आवाज होऊ द्या. आजोबांचं खाकरणं ते हेच. बाथरूमला जाताना बरोबर जा आणि बाहेर उभं राहून काहीतरी बोलत राहा. यात लाड नाहीत. असं करूनही आणखी तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा आताच ती जेवत नसेल, शाळेत जायला नको म्हणत असेल, दिवसाही दचकत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला फुकट मिळतो, मराठीतूनही.

आता तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या एका गोष्टीकडे वळते. रात्री नऊची मालिका.

जोअन कँटर नावाच्या अमेरिकन अभ्यासकांनी मुलं पडद्यावरच्या गोष्टींना कशी घाबरतात याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या कामातलं मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं हे: अगदी लहान मुलं दिसण्याला घाबरतात. हिरवा चेहरा, लांब दात, विद्रूप हात. सात-आठ वर्षांपुढची मुलं 'हे खरंच होऊ शकतं' याला घाबरू लागतात. चोर, अपहरण, घरात घुसणारा माणूस. तुमची मुलगी नऊची आहे. चेटकीण पुस्तकात राहते हे तिला अर्धंमुर्धं तरी ठाऊक असेल. पण रोज रात्री आमटी-भाताबरोबर ती जे ऐकते त्यात खून करणारा शेजारी असतो, ओळखीचा दुकानदार असतो, आणि निवेदक सांगतो की ही सत्य घटना आहे. मी असं म्हणत नाही की भीती तिथूनच आली. पण विचारून तर बघा, तिच्या चित्रातल्या आकृतीला शिंगं आहेत की शर्ट-पँट. मिस्टरांशी भांडण न करता एवढंच म्हणा की महिनाभर नऊच्या जेवणाला टीव्ही बंद ठेवू. माझी पुस्तकंही महिनाभर कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात. दोघांनी मिळून एकाच मुलीसाठी काहीतरी बाजूला ठेवायचं, म्हणजे ते कुणाला शिक्षा वाटणार नाही.

एक मात्र तुमच्याही कानावर घालते. कँटर आणि क्रिस्टन हॅरिसन यांनी १९९९ साली एक पाहणी छापली होती. दीडशेवर विद्यार्थ्यांना विचारलं, लहानपणी पडद्यावरचं काही बघून तुम्ही फार घाबरला होता का? सुमारे ९० टक्के हो म्हणाले, आणि चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त जणांना त्याचा त्रास अजून होत होता. म्हणजे लहानपणची भीती सगळ्यांच्याच वाट्याला येते. बहुतेकांची विरते, काहींची राहते. म्हणून तर फणसाखाली कुणीतरी उभं राहायला हवं.

सासूबाईंकडे येते. 'घरात असलं ठेवलं की तसलं येतं' यावर वाद घालू नका. त्यांना दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहऱ्या घेऊन काढू दे. आजीचा हात डोक्यावरून फिरला तर पोरीला बरंच वाटेल. पण बघणारी बाई ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या राज्यात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी, जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हा त्यात गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. पाटणची बाई असलं काही करत असेल असं मी म्हणत नाही, मला ती ठाऊक नाही. पण ती फक्त अंगारा लावून 'हिला बाधा झालीये' एवढंच म्हणाली, तरी तुमच्या मुलीची पुस्तकातली भीती त्या क्षणी मोठ्या माणसांच्या शिक्क्यानिशी खरी होईल. मग तुम्ही किती गोष्टींचे शेवट वाचून दाखवाल?

सासूबाईंना दुसरं काम द्या. त्यांना त्यांच्या माहेरच्या भुताच्या गोष्टी विचारा. माझी खात्री आहे, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. पिंपळावरचा मुंजा, विहिरीतल्या सात आसरा, पाण्यात ओढणारा गिऱ्हा. आपल्याकडची भुतं किती नेमकी असतात ते कधी लक्षात आलंय? मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आधीच गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेला. प्रत्येक नावाखाली एक अर्धवट राहिलेलं आयुष्य आहे. ज्या गावात दर पावसाळ्यात ओढ्याला माणूस जायचा त्या गावाने गिऱ्हा निर्माण केला, आणि ज्या घरांतून बायका विसाव्या वर्षी बाळंतपणात जायच्या त्या घरांनी हडळ. रडायला, जाब विचारायला जिथे जागा नव्हती, तिथे भूत उभं राहिलं.

पुण्याच्या शनिवारवाड्याचंच बघा. रात्री 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते असं लोक आजही सांगतात. ज्यांच्या नावाने ती गोष्ट सांगतात ते नारायणराव पेशवे ३० ऑगस्ट १७७३ ला मारले गेले तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पहाऱ्यावरच्या गारद्यांकडून. अडीचशे वर्षं एक शहर त्या पोराची हाक विसरू शकलं नाही. याला मी अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकत नाही. यात माया आहे, अपराधीपण आहे. २०१७ सालचा 'लपाछपी' तुम्ही पाहिलाच असेल. उसाच्या फडातली ती भीती कुठून येते? मारून टाकलेल्या मुलींपासून. तो सिनेमा बघून बाहेर पडताना मला भुतापेक्षा माणसांचाच राग आला होता, आणि तो तसाच यायला हवा होता.

हे मी तुम्हाला का सांगते आहे? कारण तुम्ही विचारलंत, मी विकृत आहे का. जी बाई दुसऱ्याच्या यातना बघून सुखावते तिला आपण विकृत म्हणू. भयकथेच्या वाचकाचं उलट असतं. तो पानोपानी त्या सापडलेल्या माणसाच्या बाजूने असतो. दार उघडू नकोस, मागे बघ, पळ, असं मनात ओरडत असतो. दीडशे पुस्तकांत तुम्ही दीडशे माणसांसाठी असा जीव मुठीत धरलाय. चांगल्या आईचं मन याहून फार वेगळं असतं का?

तुम्ही फार्मासिस्ट आहात, तेव्हा मात्रेची भाषा तुम्हाला सांगायला नको. डेन्मार्कमध्ये आरहूस विद्यापीठातले मथियास क्लासेन आणि त्यांचे सहकारी अशा हौसेच्या भीतीचाच अभ्यास करतात. वायले इथल्या एका भुताटकीच्या घरात आलेल्या ११० लोकांच्या छातीला त्यांनी हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली, आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापला. भीती फार कमी झाली तर लोकांना कंटाळा आला, फार जास्त झाली तर मजा गेली. मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर आनंद सगळ्यात जास्त होता. तो टप्पा माणसागणिक वेगळा. तुम्ही इमॅजिकाच्या महालात दोनदा गेलात आणि तुमचे मिस्टर एकदाही गेले नाहीत, यात शूर कुणी नाही आणि भित्रंही कुणी नाही. तुमची मात्रा वेगळी, त्यांची वेगळी. आणि मुलीच्या हाती मोठ्या माणसाची गोळी लागली. एवढंच घडलंय. आपण अशा वेळी औषधाचं दुकान बंद करत नाही, बाटली उंचावर ठेवतो.

करोनाच्या पहिल्या काही महिन्यांत कोल्टन स्क्रिव्हनर आणि क्लासेन यांच्याच चमूने तीनशेवर लोकांची पाहणी केली. भयपट आवडणाऱ्यांना त्या काळात मानसिक त्रास जरा कमी झालेला दिसला. पाहणी लहान आहे आणि भयपटांमुळेच तसं झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण कुणी विकृत म्हटलं तर एवढं उत्तर तुमच्याजवळ असू द्या.

आता कपाट. माझ्या मते सगळी पुस्तकं एकाच उंचीवर ठेवणं ही तुमची एकमेव खरी चूक. खालचा कप्पा मुलीचा करा, तिच्या वयाच्या भीतीचा. 'अलबत्या गलबत्या' मतकरींनीच लिहिलंय, ज्यांच्या गूढकथांनी आपल्या पिढीची झोप उडवली त्यांनीच. त्यातली चिंची चेटकीण रंगमंचावर आली की मुलं आधी आईला बिलगतात आणि दहा मिनिटांत तिच्याशी ओरडून भांडायला लागतात. सातारा-पुण्यात प्रयोग लागला तर जरूर न्या. घाबरणं आणि हसणं एकाच खुर्चीत बसून होतं, हे तिला पुस्तकाआधी तिथे कळेल. मधला कप्पा बारा-तेराव्या वर्षांसाठी. तिथे धारपांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथा ठेवा. धारपांची भीती दाट असते, पण समर्थ येतात. कुणीतरी जाणता माणूस आहे, त्याला यावरचा उपाय ठाऊक आहे, हा विश्वास त्या कथांत शेवटपर्यंत असतो. वरचा कप्पा मतकरींच्या 'खेकडा'सारख्या कथांचा. तिथे वाचवायला सहसा कुणी येत नाही, आणि भूतही बरेचदा बाहेरचं नसतं, माणसाच्या मनातलंच असतं. ते पंधरा-सोळाच्या आधी वाचू नये असं मला वाटतं. त्याआधी कळतही नाही, नुसतं टोचतं.

आणि त्या जुन्या प्रती खरंच रद्दीत घालायला निघाला होतात? धारपांची शंभराहून जास्त पुस्तकं आहेत, काही पुन्हा छापली गेली, पण जुन्या आवृत्त्या शोधत माझ्यासारखी माणसं अजून फूटपाथवरच्या ढिगाऱ्यांत बसतात. सर्क्युलेटिंग लायब्ररीचे शिक्के मारलेल्या, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेल्या, शेवटचं पान फाटलेल्या त्या प्रती. शेवटचं पान फाटलेलं असलं की आम्ही मैत्रिणी आपापला शेवट रचायचो आणि कुणाचा जास्त भयंकर यावर पैज लावायचो.

भीती टिकते म्हणजे वाईटच होतं असंही नाही, त्याचं एक उदाहरण सांगते. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मुलाला त्याच्या मित्राने रात्री एक गोष्ट सांगितली. मुलगा हादरला. ती धारपांची 'आजी' ही कथा होती. त्या मुलाच्या मनातून ती गेली नाही. अठराव्या वर्षी त्याने एका सिनेमाचा पहिला खर्डा लिहिला, आणि २०१८ मध्ये तो सिनेमा पडद्यावर आला. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड'. व्हेनिसच्या महोत्सवातल्या क्रिटिक्स वीकची सुरुवात त्या वर्षी त्या सिनेमाने झाली. पंचवीस वर्षं एका माणसाने आपली भीती सांभाळली, तिला पाऊस दिला, वाडा दिला, लोभाचा अर्थ दिला. तुमची मुलगी सिनेमा काढेल असं मी म्हणत नाही. ती आज जे अनुभवते आहे त्याचं काय होतं ते पुढच्या काही आठवड्यांत तिच्याजवळ कोण बसतं यावर बरंचसं ठरेल, एवढंच मला म्हणायचंय.

मिस्टरांच्या 'खूळ सोड'बद्दल फार लिहीत नाही. त्यांना तुमच्याबरोबर भुताचा सिनेमा बघायला ओढून नेऊ नका, एवढीच माझी बाजू त्यांच्यासाठी. नको असलेल्या माणसाला भीतीत ढकलणं ही आपल्या जमातीची वाईट खोड आहे, मीही माझ्या बहिणीला असं एकदा ढकललंय आणि ती पुढे कित्येक वर्षं माझ्याबरोबर थिएटरला आली नाही. पण तुम्ही एकटीने गेलात तर त्यात कमीपणा नाही. साताऱ्यात तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी नक्की असतील, दुकानाच्या काउंटरपलीकडे रोज उभ्या राहत असतील. काउंटरवर एक पुस्तक उघडं ठेवून बघा, कव्हर वर दिसेल असं. कुणीतरी थांबेलच.

जाता जाता सासूबाईंसाठी एक गोष्ट देते, त्यांना सांगा. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. लोक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चांगल्या मोठ्या चामडी चपलांचा जोड वाहतात, कारण तो रात्रभर गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी तिथली श्रद्धा आहे. ज्याला सगळ्यांनी घाबरावं त्यालाच त्या गावाने राखणदार करून ठेवलंय. ही गोष्ट त्यांनीच नातीला सांगितली तर फार बरं, दिवा लावून, तिच्या केसांना तेल लावता लावता.

पत्रात तुम्ही त्या पुस्तकाचं नाव लिहिलं नाहीत. कोणतं होतं, आणि ती कुठल्या पानावर थांबली होती, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई